वाचकांचे प्रश्न : भिंतीला बाजूनं धक्का बसला तर?

उन्हाळ्याच्या शेवटी वावधनानं, म्हणजे वादळी वाऱ्यानं, आपल्याकडे काय केलं ते तुमच्या पत्रांतूनच कळतंय. या वेळचे बहुतेक प्रश्न भिंतीचेच आहेत, म्हणून टाकीची गळती, सिमेंटचे ब्रँड वगैरे पुढच्या अंकात घेऊ. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक उत्तरात येणार आहे. वरून वजन ठेवलं तर साधी विटेची भिंतपण भरपूर सहन करते, आणि घर बांधताना गावात आपण विचारतो ते तेवढंच, की स्लॅबचं वजन पेलेल का. बाजूनं ढकललं तर काय होईल हे कोणी विचारत नाही. हवा ढकलते, भूकंप ढकलतो, मागची ओली माती ढकलते, घरात भरलेला मालपण ढकलतो. मी आजवर पडलेल्या जेवढ्या भिंती पाहिल्या त्यात वजनानं दबून बसलेली एखाददुसरी असेल, बाकी सगळ्या आडव्या झोपलेल्या होत्या.

प्रश्न : सायेब, माह्यं घरकुल दोन वर्षाआधी झालं. सहा इंची भितीवर टिना टाकल्या, टिनावर गोटे ठेवले होते. मागच्या महिन्यात वावधन आलं तं टिना उडून शेजारच्या वावरात गेल्या, अन् त्याच्या मांगून पश्चिमेकडची भीत पुरीच्या पुरी अंगणात पडली. मिस्त्री म्हंते रेती खराब होती. भीत तं चांगली जाड होती, मंग पडली काहून? आता बांधतो तं काय करू?
— एक शेतकरी, दारव्हा तालुका

भाऊ, घरात कोणाला लागलं नाही असं तुम्ही पत्रात खाली लिहिलंय ते वाचून आधी बरं वाटलं. आता मुद्द्याचं. रेतीत माती असेल तर मसाला कच्चा राहतो हे खरंच आहे, पण तुमची भिंत पडली त्याचं मूळ कारण ते नाही, ते तुम्हीच लिहून दिलंय — आधी टिना गेल्या आणि मग भिंत गेली.

हवेचं वजन किती असतं ते बघा. आपल्या देशाच्या वाऱ्याच्या कोडमधे, म्हणजे आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात, नागपूरसाठी मूळ वेग ४४ मीटर सेकंदाला धरलाय, म्हणजे तासाला साधारण १५८ किलोमीटर. त्याचा दाब काढायचा सूत्र सोपं आहे, वेगाचा वर्ग गुणिले ०.६, म्हणजे चौरस मीटरला ११६० न्यूटनच्या आसपास, आपल्या भाषेत चौरस फुटाला ११ किलो. घर छोटं आहे, आजूबाजूला झाडं-घरं आहेत म्हणून त्यात सूट मिळते, तरी चौरस फुटाला सात-आठ किलो धरावेच लागतात. तुमची भिंत १६ फूट लांब आणि १० फूट उंच असेल तर १६० चौरस फूट झाले, म्हणजे वावधनाच्या एका झटक्यात त्या भिंतीला एक टनाहून जास्त ढकल बसली. सहा इंची भिंतीनं हे एकटीनं उभं राहून सोसायचं असतं तर ते तिला जमणारच नव्हतं.

मग बाकीची घरं कशी उभी राहतात? याचं उत्तर किराणा दुकानातून एक पुठ्ठ्याचा खोका आणून बघा, मी साइटवर पोरांना हेच करून दाखवतो. वरची झाकणं टेपनं चिकटवून खोका बाजूनं दाबला तर तो हलत नाही. झाकणं कापून टाका आणि मग एका बाजूला बोट लावा, ती बाजू लगेच आत वाकते. घराचंपण तसंच आहे, समोरची भिंत हवा खाते, ती हवा वरच्या छताला देते, छत ती दोन बाजूच्या भिंतींना देते, आणि बाजूच्या भिंती त्यांच्या लांबीत फार मजबूत असतात कारण त्यांना त्यांच्या लांबीच्या दिशेनं ढकल बसते. टिना उडाल्या की झाकण गेलं. मग पश्चिमेची भिंत फक्त खालून धरलेली, वरून मोकळी, आणि दोन्ही कोपऱ्यांत दाते, म्हणजे एका भिंतीतून दुसरीत घुसणाऱ्या विटा, नीट जुळवलेले नसतील तर बाजूनंपण मोकळी.

आणि टिना उडतात त्या हवा खालून उचलते म्हणून एवढंच नाही, वरून जोरात जाणारी हवा टिनेला ओढतेपण. तो ओढा चौरस मीटरला ८० ते १०० किलोपर्यंत सहज जातो आणि टिनेचं स्वतःचं वजन असतं चौरस मीटरला जेमतेम पाच किलो. आता सांगा, दहा-वीस किलोचे चार गोटे काय धरून ठेवणार, उलट तेच गोटे खाली येऊन माणसाच्या डोक्यात बसतात, दर उन्हाळ्यात अशी बातमी आपण वाचतोच.

आता नवीन बांधताना हे करा. कोपऱ्यावर एक थर सोडून एक वीट दुसऱ्या भिंतीत घुसली पाहिजे, मिस्त्री आधी लांब भिंत बांधून टाकतो आणि आडवी नंतर नुसती चिकटवतो, ते करू देऊ नका. दरवाजा-खिडकीच्या वर लिंटेल फक्त दरवाज्यापुरतं न टाकता चारही भिंतींवरून फिरवा, आतल्या आडव्या भिंतीवरूनपण, यालाच लिंटेल बँड म्हणतात. तीन इंच जाड, त्यात ८ एमएमच्या दोन सळाखी, कोपऱ्यावर सळाख वळवून दुसऱ्या भिंतीत दोन फूट तरी न्यायची. तुमचं घरकुल २५ चौरस मीटरचं आहे, म्हणजे २६९ चौरस फूट, त्याच्या सगळ्या भिंतींवरून बँड फिरवायला वीस-बावीस किलो लोहा आणि दहा-बारा घनफूट काँक्रीट लागतं, एवढंच. टिनेखाली भिंतीच्या डोक्यावर तसाच दुसरा बँड टाका आणि त्यातून पाइपाला धरायला बोल्ट किंवा वाकवलेली सळाख आधीच सोडून ठेवा. पाइप भिंतीला बांधलेला, टिन पाइपाला इंग्रजी J सारख्या हुकनं बांधलेली, वॉशर लावलेले, आणि कडेच्या ओळीत हूक जवळ-जवळ, कारण हवा कडेलाच सगळ्यात जास्त ओढते. गोटे खाली उतरवा.

प्रश्न : आमच्याकडे भाव नव्हता म्हणून सोयाबीन विकलं नाही, मागच्या खोलीत खुलं ओतून ठेवलं, साधारण पाच फुटापर्यंत ढीग लागला. आता मधली चार इंची भिंत दुसऱ्या खोलीकडे फुगली आहे आणि मधोमध उभी-आडवी भेग आहे. वर टिना आहेत. घरच्यांचं म्हणणं की प्लॅस्टरच फुगलं असेल. हात लावून बघितलं तर प्लॅस्टर पोकळ वाजत नाही. काय करावं?
— एक वाचक भगिनी, कारंजा लाड

ताई, हे वाचल्यावर पहिलं काम हे करा की त्या दुसऱ्या खोलीत कोणी झोपणार नाही, लेकरं तर अजिबात जाणार नाहीत. मग सोयाबीन काढा. काढताना भिंतीजवळून खोदून काढू नका, ढिगाच्या वरून आणि दाराकडून कमी करत या. तुम्ही वाजवून बघितलं हे फार चांगलं केलं. पोकळ वाजत नाही म्हणजे प्लॅस्टर सुटलेलं नाही, भिंतच वाकली आहे.

खुलं धान्य पाण्यासारखं बाजूला ढकलतं. पाण्याएवढं नाही, पण पाण्याच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या जवळपास. सोयाबीनचं घनमीटर सव्वासातशे-साडेसातशे किलो भरतं, पाच फुटाच्या ढिगात भिंतीच्या पायथ्याशी चौरस मीटरला चारशे-साडेचारशे किलो दाब येतो, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीला एकूण सव्वातीनशे किलोच्या आसपास ढकल. चार इंची भिंत दहा फूट उंच असली तरी तिचं वजन मीटरला सहाशे-साडेसहाशे किलोच असतं आणि ते वजन तिला जेवढं सरळ धरून ठेवतं त्याच्या चौपट जोरानं धान्य तिला पाडू पाहतंय. आतापर्यंत ती उभी आहे ती फक्त मसाल्याच्या चिकटपणावर आणि दोन टोकांच्या भिंतींच्या आधारावर. नऊ इंची असती तरी पाच फुटाला ती अगदी काठावरच असती हे लक्षात ठेवा, कारण वर स्लॅब नाही आणि डोकं मोकळं आहे.

पोत्यात भरून थप्पी लावली तर हा दाब जवळजवळ राहत नाही, पोती स्वतःच्या वजनावर उभी राहतात, पण थप्पी भिंतीला टेकवायची नाही, हात जाईल एवढी जागा सोडायची, हवापण खेळते आणि उंदीरपण दिसतो. फुगलेली भिंत परत सरळ होत नाही. माल निघाल्यावर ती उतरवून पुन्हा बांधावी लागेल, नुसती भेग भरून रंग देऊ नका.

प्रश्न : खाली घर आहे, वर एक मजला. आता खालच्या समोरच्या भिंती काढून दोन दुकानांची शटर बसवायची आहेत, रोड रुंद झाला म्हणून भाडं चांगलं येईल. ठेकेदार म्हणतो कॉलम-बीमचं घर आहे, भिंती नुसत्या पडद्यासारख्या असतात, बिनधास्त काढा. खरं आहे का?
— एक वाचक, हिंगणघाट

अर्धं खरं आहे, आणि जे अर्धं खोटं आहे त्यानं माणसं मेली आहेत. वजनाच्या हिशोबानं कॉलम-बीमच्या घरात भिंत पडद्यासारखी आहे हे बरोबर. पण बाजूच्या धक्क्याच्या हिशोबानं चौकटीत ठासून भरलेली विटेची भिंत तिरप्या टेकूसारखं काम करते. लाकडी दाराच्या चौकटीला कर्ण मारला की ती हलत नाही ना, तसं. इंजिनियरनं हिशोबात ती धरलेली नसली तरी ती हे काम करतेच. आता तुम्ही खालच्याच भिंती काढल्या आणि वरच्या तशाच ठेवल्या तर वरचा मजला टणक आणि खालचा लुळा होतो, आणि धक्का आला की सगळा झोका खालच्या कॉलमच्या डोक्यात आणि पायात जातो.

२६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला तेव्हा अहमदाबाद तिथून दोनशे किलोमीटरहून जास्त लांब होतं, तरी तिथल्या कित्येक फ्लॅटच्या इमारती बसल्या, आणि त्यातल्या बऱ्याच अशाच, खाली पार्किंगसाठी मोकळ्या खांबांवर उभ्या. वरचे मजले जवळजवळ आख्खे, खालचा मजला गायब.

तुम्ही म्हणाल नागपूर-वर्धेकडे कुठे भूकंप. भूकंपाच्या आयएस १८९३ च्या २०१६ च्या कोडमधे नागपूर झोन दोनमधे आहे, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात, ते मान्य. पण २२ मे १९९७ ला जबलपूरला झालेल्या भूकंपात घरं पडली आणि जबलपूर आपल्याला काही परदेश नाही. म्हणून माझं सांगणं असं की शटर बसवा, धंदा करा, पण दोन्हीपैकी एका गाळ्याच्या मागे आणि बाजूला पूर्ण भिंती राहू द्या, समोरचं उघडं केलं तर दोन कोपऱ्यांना दोन-अडीच फुटाचे काँक्रीटचे पाय कॉलमला जोडून घ्या, आणि हे काम ड्रॉइंगवर करून घ्या, तोंडी नको. आणि सगळ्यात आधी घर खरंच कॉलमचं आहे का ते बघा. आपल्याकडे बऱ्याच जुन्या घरांत कोपऱ्यात कॉलमसारखं दिसतं आणि आत नुसती वीट असते. प्लॅस्टर एक हात खरवडलं की कळतं.

प्रश्न : प्लॅस्टर केल्यानं भिंत मजबूत होते का?
— एक विद्यार्थी, गोंदिया

साध्या प्लॅस्टरनं पावसापासून वाचते, ढकलीसाठी फार फरक नाही. जाळी ठोकून, दोन्ही बाजूंची जाळी भिंतीतून तारेनं एकमेकींना बांधून प्लॅस्टर केलं तर मात्र खूप होते.

प्रश्न : आमचा आजोबांच्या काळातला दगड-मातीचा वाडा आहे, भिंती अडीच फूट जाड, वर सागाच्या तुळया आणि मातीचं धाबं. किल्लारीच्या वेळी बाबा सांगायचे की जाड भिंतीचीच घरं जास्त पडली. ते ऐकून भीती वाटते, पण वाडा पाडायचं मन होत नाही. एवढी जाड भिंत पडते तरी कशी?
— एक वाचक, मेहकर तालुका

तुमचे बाबा बरोबर सांगत होते. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या थोडं आधी, आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं, लोक थकून झोपलेले. सहाच्या थोडा वरचा भूकंप, जगाच्या हिशोबानं मध्यमच, आणि माणसं गेली दहा हजारांच्या घरात. तो भाग त्या वेळच्या नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमधे होता, नंतर २००२ च्या कोडमधे लातूर झोन तीनमधे आला. मी तेव्हा कॉलेजला होतो, पुढे शिकताना तिथल्या पडलेल्या भिंतींचे फोटो परत परत पाहिले, आणि ते फोटो पाहूनच मी भिंतीच्या मागे लागलो असं म्हटलं तरी चालेल.

जाड दगडी भिंत एक नसते, दोन असतात, हे समजून घ्या. बाहेरून एक दगडाचा पदर, आतून एक पदर, आणि मधे माती आणि बारीक चुरा भरलेला. बाहेरचा चेहरा घडीव दगडाचा असला म्हणून आपल्याला ती किल्ल्यासारखी वाटते. हलवलं की मधला चुरा खाली बसतो आणि पाचरीसारखा दोन्ही पदरांना बाहेर लोटतो, मग पदर फुगतात, सुटतात, आणि वरचं धाबं आत येतं. धाब्याची फूटभर माती म्हणजे चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास, आणि दरवर्षी गळती थांबवायला आपण पांढरी माती अजून टाकत जातो, जुनी काढत कोणीच नाही. भूकंप जेवढं वजन डोक्यावर तेवढ्या प्रमाणात धक्का देतो, वजन दुप्पट तर धक्का दुप्पट. म्हणून जाड भिंत आणि जड छत हे दोन्ही मिळून घात झाला.

वाडा पाडू नका. तीन कामं करा, आणि एका वर्षातच झाली पाहिजेत असं नाही. पहिलं, धाब्याची जादा माती उतरवा, सहा-आठ इंचावर आणा, पाण्यासाठी खाली जाड प्लास्टिक आणि उतार द्या. या एका कामाला जवळजवळ मजुरीच लागते आणि फायदा सगळ्यात जास्त होतो. दुसरं, दोन पदर एकमेकांना शिवा. नवीन बांधताना यासाठी आरपार जाणारे लांब दगड घालतात, दर दोन फूट उंचीला आणि दर चार फुटाला एक, जुन्या भिंतीत मात्र हळूच दगड काढून आरपार भोक करायचं, ते मधे थोडं अरुंद आणि दोन्ही तोंडाला रुंद ठेवायचं, त्यात दोन्ही टोकांना आकडा वळवलेली ८ एमएमची सळाख ठेवून काँक्रीट भरायचं. किल्लारीच्या भूकंपात न पडता वाचलेल्या घरांना हेच करून घेतलं होतं. मी एका वाड्यात हे काम होताना उभा होतो, गवंड्यानं पहार आत घातली तर दीड फुटावर ती एकदम मोकळी गेली, भस्सकन, आणि भोकातून वाळलेला चुरा आणि एक मुंग्यांचं वारूळ बाहेर आलं. घरमालक तोंडात बोट घालून बघत राहिले, साठ वर्षं त्याच भिंतीला पाठ लावून ते बसत होते. तिसरं काम, छताच्या खाली आणि दाराच्या वर वेल्डमेशची, म्हणजे वेल्ड केलेल्या तारेच्या जाळीची, पट्टी चारही भिंतींवरून फिरवून, आत-बाहेर बांधून सिमेंटनं पक्की करायची. म्हणजे परत तोच लिंटेल बँड, फक्त बाहेरून घातलेला पट्टा.

तुळया भिंतीवर नुसत्या टेकलेल्या असतील तर त्यापण बघा. तुळईचं टोक भिंतीत फूटभर तरी गेलेलं असावं, आणि वाळवीनं खाल्लेलं असेल तर शेजारी सागाचाच खांब उभा करून तुळई त्यावर घ्या. भिंत गेली तरी छत खांबावर थांबेल, जुन्या चांगल्या वाड्यांत हीच रीत होती.

प्रश्न : आमचं गाव कोळशाच्या खाणीपासून एक-दीड किलोमीटरवर आहे. दुपारी ब्लास्ट झाला की भांडी वाजतात. घराला भेगा पडल्या आहेत. खाणीवाले म्हणतात तुमची माती काळी आहे, भेगा मातीच्या आहेत. आम्ही कसं दाखवायचं?
— काही गावकरी, वणी तालुका

दोन्ही कारणं खरी असू शकतात, म्हणूनच भांडण लांबतं. तुम्ही भेगांना बोलतं करा. काळ्या मातीची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते, बहुतेक वेळा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी निघते आणि खाली जोत्यापर्यंत जाते, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला दोऱ्यासारखी. ब्लास्टची भेग ऋतू पाहत नाही. भेगेवर आडवी पातळ काचेची पट्टी दोन्ही टोकांना पीओपीनं चिकटवा, तारीख शाईनं भिंतीवरच लिहा, फोटो काढा. अशा पाच-सहा घरांत लावा आणि सोबत एका वहीत ब्लास्टची वेळ लिहीत जा. काच ज्या दिवशी तडकते तो दिवस वहीत काय सांगतो ते बघा.

आणि मागणी नेमकी करा. खाण सुरक्षा महासंचालनालयानं खाणीच्या मालकीची नसलेल्या राहत्या घरांसाठी जमिनीच्या कंपनाची मर्यादा घालून दिली आहे, कंपन ८ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८ हेलकाव्यांच्या, खाली असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, ८ ते २५ मधे १० आणि त्याच्यावर १५. म्हणून नुसती "ब्लास्ट बंद करा" अशी अर्जी देण्याऐवजी "कंपन मोजायचं यंत्र आमच्या गावातल्या या घराच्या जोत्याजवळ ठेवा, आमच्यासमोर ठेवा, आणि आकडा आणि हर्ट्झ दोन्ही लिहून द्या" असं मागा. यंत्र खाणीच्या गेटजवळ ठेवून घेतलेला आकडा तुमच्या घराचा नसतो.

प्रश्न : घराच्या मागे नाला आहे, कोपरा खचू नये म्हणून सहा फुटाची दगडी भिंत बांधली, मागे तीच खोदलेली काळी माती भरली. पहिल्याच पावसाळ्यात भिंत नाल्याकडे झुकली. पाया चांगला तीन फूट घेतला होता.
— एक शिक्षक, आर्वी

सर, पाया खोल होता ते चांगलंच, पण पाणी अडकलं. सहा फूट कोरडा मुरूम भिंतीला मीटरमागे साधारण एक टन ढकलतो. तोच पाण्यानं भिजून मागे पाणी तुंबलं की सव्वादोन टन. आणि तुम्ही भरली काळी माती, ती भिजली की फुगतेपण, तो दाब वेगळाच, आणि उन्हाळ्यात तिच्या भेगांतून पुढच्या पावसाचं पाणी सरळ भिंतीच्या मागे उतरतं.

झुकलेली भिंत इंच-दोन इंचापुरती असेल तर मागची माती काढून पाहा ती थांबते का, जास्त असेल तर उतरवा. नवीन बांधताना खालची रुंदी उंचीच्या निम्म्याहून कमी नको, म्हणजे सहा फुटाला तीन ते चार फूट, वर दीड फुटावर आणा. मागे फूटभर गिट्टीचा पडदा, मग मुरूम, काळी माती फक्त वरच्या अर्ध्या फुटाला, तीपण पाणी आत जाऊ नये म्हणून उतारानं. तीन-चार इंची पाइपाची भोकं दर चार-पाच फुटाला, भोकाच्या मागे जाळी आणि मोठी गिट्टी. आणि ही भोकं दरवर्षी मृगाच्या आधी काडी घालून मोकळी करा, कारण एकदा बुजली की भिंत परत धरण होते.

प्रश्न : मी गवंडी आहे, तीस वर्षं झाली. शाळेचं, समाजमंदिराचं कंपाउंड लय बांधलं. नऊ इंचीचं सहा फूट कंपाउंड पडते, ते कॉलम टाकून बांधा असं आता साहेब लोक म्हणतात. पहिले तं कोणी म्हणत नव्हतं. अन् कॉलमच्या उभ्या सळाखीभोवतीच्या रिंगचा हूक ४५ नं आत वाकवा म्हणतात, आम्ही काटकोनातच वाकवत आलो. यानं खरंच फरक पडते का?
— एक मिस्त्री, चांदूर रेल्वे

मिस्त्रीभाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला माझ्याच चुकीतून द्यायचं आहे. नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या वर्षी मी एका शाळेच्या कंपाउंडला सही दिली, नऊ इंची, सहा फूट, सरळ शंभर फूट, ना पिलर ना जोड. तुमच्यासारख्याच एका जाणत्या मिस्त्रीनं विचारलं होतं की मधे पिलर घेऊ का, आणि मी म्हटलं गरज नाही, पैसे वाढतात. जूनच्या एका रात्री वाऱ्यात त्यातली चाळीस फूट भिंत एका तुकड्यात रस्त्यावर पडली, पुस्तक मिटावं तशी, विटा विटांना तशाच चिकटलेल्या. शाळा सुरू व्हायला काही दिवस होते म्हणून रस्त्यावर कोणी नव्हतं. सकाळी तिथे उभं राहून मी चपलेनं विटांचा खालचा थर चाचपला, मसाला चांगला होता, तुटली होती ती फक्त जोत्यावरची एक रेघ.

हिशोब असा आहे. उंची दुप्पट केली तर वाऱ्याची पाडायची ताकद चौपट होते आणि भिंतीची उभी राहायची ताकद फक्त दुप्पट. नऊ इंची भिंत चार फुटाला स्वतःच्या वजनावर कशीबशी तग धरते, सहा फुटाला नाही. विटेच्या बांधकामाच्या कोडमधे, म्हणजे आयएस १९०५ मधेपण मोकळ्या भिंतीसाठी वारा वाढेल तसं उंची जाडीच्या दहा पटीवरून चार पटीपर्यंत खाली आणायला सांगितलंय. म्हणून दर दहा-बारा फुटाला पिलर, पण तो नुसता विटेचा फुगवटा नको, त्याचा लोहा पायातून वर आला पाहिजे. पहिले कोणी म्हणत नव्हतं कारण पहिले कंपाउंड चार फुटाचं असायचं, किंवा दीड फूट जाड दगडाचं, आणि वळणं घेत जायचं.

आता रिंग. फरक पडतो, आणि फार पडतो. वजन सरळ असतं तोवर काटकोनाचा हूक चालून जातो. बाजूचा धक्का आला की कॉलमचं वरचं काँक्रीट आधी सोलून निघतं, मग काटकोनातला हूक बाहेरच्या बाजूला उघडा पडतो आणि सुटतो, रिंग उघडते, उभ्या सळाखी बाहेर फुगतात आणि कॉलम चिरडतो. हूक आत, कॉलमच्या पोटात वळवलेला असेल, म्हणजे काटकोनाच्या पुढे अजून ४५, एकूण १३५ अंशाचा, तर वरचं काँक्रीट गेलं तरी तो आतल्या काँक्रीटमधे रुतून राहतो. शेपटी आठ एमएमच्या रिंगला अडीच-तीन इंच ठेवा, तुम्ही वाकवायच्या पाटीवर एक खिळा थोडा पुढे ठोकला की पोऱ्यालापण जमतं, दोन दिवस हात बसेपर्यंत वेळ लागतो. कॉलमच्या खालच्या आणि वरच्या दोन फुटात रिंगा चार इंचावर, मधे सहावर. आणि सगळ्या रिंगांचे हूक एकाच कोपऱ्यात येऊ देऊ नका, एक या कोपऱ्यात तर पुढची फिरवून दुसऱ्या.